जनुक तेच, तरी पानात विष जास्त आणि बोंडात कमी का?

प्रश्न : आमच्या पऱ्हाटीच्या पानात बोंडअळीला मारणारे बीटीचे विष भरपूर असते, पण पात्या-फुलांत आणि बोंडाच्या सालीत ते कमी पडते, असे शेतीशाळेत सांगण्यात आले. झाडाच्या प्रत्येक पेशीत जनुक तर एकच आहे. मग हा भेद का? या जनुकापुढे फुलगोबीच्या विषाणूचा ‘प्रमोटर’ जोडला आहे म्हणतात. तो काय करतो, आणि त्यामुळे कपाशीला गोबीचा रोग होणार नाही ना?
— एक शेतकरी वाचक, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

उत्तर : शेवटची शंका आधी दूर करू. कपाशीत विषाणू आलेला नाही. फुलगोबीवर मोझॅक रोग आणणाऱ्या विषाणूच्या डीएनएचा काहीशे अक्षरांचा तुकडा तेवढा आला आहे, आणि त्यात रोग निर्माण करण्याची क्षमता नाही. प्रमोटर, म्हणजे प्रवर्तक, हा जनुकाच्या मजकुरापुढचा भाग असतो. त्या मजकुराची आरएनए-नक्कल कोठून, कोणत्या दिशेने आणि किती वेळा काढायची, हे मुख्यतः त्याच्यावरून ठरते. या नकलेवरूनच पेशी प्रथिन बनवते, आणि बीटीचे विष हे असेच एक प्रथिन आहे.

नक्कल काढण्याचे काम आरएनए पॉलिमरेज हे विकर करते. परंतु वनस्पतींत, आणि आपल्यातही, त्याला सुरुवातीची जागा एकट्याने सापडत नाही. अनेक प्रवर्तकांत या जागेच्या सुमारे २५ ते ३० अक्षरे आधी ‘टाटा पेटी’ नावाची, टी आणि ए या अक्षरांनी भरलेली छोटी खूण असते. एक प्रथिन तिच्यावर खोगिरासारखे बसते आणि तेथील डीएनए जवळपास ८० अंशांत वाकवते. त्या वळणापाशी मदतनीस प्रथिने जमतात, पॉलिमरेज येऊन बसते, दोन्ही धागे उकलतात आणि नक्कल सुरू होते. (टाटा पेटी प्रत्येक जनुकापुढे असतेच असे मात्र नाही, पुष्कळ जनुकांचे तिच्यावाचून चालते.)

बीटीचे जनुक मुळात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे. जिवाणूंच्या प्रवर्तकातील नेहमीच्या खुणा सुरुवातीच्या साधारण १० आणि ३५ अक्षरे आधी असतात, आणि कपाशीच्या केंद्रकातील यंत्रणेला त्या नीट वाचता येत नाहीत. विषाणूला मात्र वनस्पतीच्याच यंत्रणेकडून काम करून घ्यायचे असल्यामुळे त्याचा ‘३५ एस’ प्रवर्तक तिच्या चांगलाच परिचयाचा आहे. २००२ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या पहिल्या बीटी कपाशीत त्याचीच जोर वाढवलेली आवृत्ती वापरली होती.

हा प्रवर्तक जवळजवळ सर्व अवयवांत चालतो, पण सर्वत्र सारखा चालत नाही. टाटा पेटीच्याही आधीच्या भागावर नियामक प्रथिने बसतात, आणि त्यांतील कोणती किती प्रमाणात हजर आहेत, हे पानाच्या पेशीत निराळे आणि बोंडाच्या सालीत निराळे असते. जनुक तेच, प्रवर्तक तोच. बसणारी मंडळी वेगळी. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या अभ्यासातही विष पानांत सर्वाधिक आणि बोंडाची साल, पात्या व फुलांत कमी आढळले, आणि पेरणीनंतर साधारण ११० दिवसांनी ते अपुरे ठरू लागले. या उताराला नक्कल मंदावणे हे एक कारण आहे. उतरत्या वयात झाडाची एकूण प्रथिननिर्मितीही घटते.

मात्र २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने जे नुकसान केले, त्याचा दोष प्रवर्तकावर टाकणे योग्य नाही. त्या अळीत बोलगार्ड-२ या दोन विषांच्या बीटी कपाशीतील दोन्ही विषांविरुद्ध प्रतिकारशक्ती आली होती, आणि अशी अळी बोंडात विष पुरेसे असले तरी सरकीपर्यंत पोचते.