बार सोडला की ‘जी’ चढते!

प्रश्न : माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची इलेक्ट्रिक गिटार आहे. ट्रेमोलो बार (ब्रिजला जोडलेली, तारा सैल करणारी दांडी) दाबून सोडला की सूर जागेवर येत नाही. तिसरी तार, ‘जी’, तर हमखास चढलेली असते. दुकानदार म्हणतात, ट्यूनिंग कीज (तारा पिळायच्या खुंट्या) बदलून लॉकिंगच्या, म्हणजे तार घट्ट पकडणाऱ्या, घाला. खर्च करू का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तूर्त पैसे खिशातच राहू द्या. तार चढते हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. ट्यूनिंग की घसरत असती तर तार उतरली असती. बार दाबला की तार सैल पडते आणि नटच्या (गळ्याच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) पलीकडचा, कीजकडचा ताणलेला तुकडा तिला किंचित आपल्याकडे ओढून घेतो. बार सोडल्यावर तेवढीच तार परत यायला हवी. खाच तिला आवळून धरत असेल तर ती पलीकडेच अडकते, अलीकडे ताण वाढतो आणि सूर चढतो. खात्री करायची तर बार सोडल्यावर ‘जी’ बाराव्या पडद्यापाशी बोटाने जोरात खेचून सोडा. सूर खाली उतरून जागेवर आला, तर दोष नटचाच. ट्यून करताना तिथून बारीक ‘टिंग’ ऐकू येत असेल, तर मग शंकाच नको.

इलाज स्वस्त आहे. तार सैल करून खाचेतून बाजूला काढा. चित्रकलेची मऊ पेन्सिल, सहा बी मिळाली तर उत्तम, टोकदार करून खाचेत मागे-पुढे घासा. काळी पूड तळाशी बसली पाहिजे. बारीक ‘ई’ आणि ‘बी’ डोक्यावरच्या ज्या छोट्या आकड्याखालून जातात, तिथे आणि ब्रिजच्या सॅडलवरही (दुसऱ्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे) तीच पूड लावा. तंबोऱ्याच्या खुंटीला घसरू नये म्हणून खडू लावतात, इथे नेमकं उलट हवंय. शिलाई मशीनचं तेल मात्र नको. ते ओघळतं आणि धूळ धरतं.

पेन्सिलीने भागलं नाही, तर आठवून बघा, मधे तारा जाड लावल्यात का? नऊचा सेट काढून दहाचा लावला (आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) की जाड ‘ई’ ४२ ची ४६ होते आणि जुन्या खाचेत रुतून बसते. खाच रुंद करायला नटच्या कानशी असलेला माणूसच गाठा. करवतीचं पातं घेऊन घरी बसू नका. खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या पडद्यावर घरघरते आणि नवा नट घालावा लागतो.

आता ब्रिज. तो मागून तीनेक मिलिमीटर उचललेला असेल, तर एका बाजूला तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांचा, असा तो तोलावर उभा असतो. एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, म्हणून सहाही तारांवरून दोन-तीन फेऱ्या माराव्याच लागतात. तुम्ही बार फक्त खाली दाबत असाल (बहुतेक जण तेवढंच करतात), तर मागचं झाकण काढा, स्प्रिंगा अडकवलेल्या पट्टीचे दोन्ही स्क्रू सारखे आवळा आणि ब्रिज लाकडावर टेकवून टाका. बार वर ओढता येणार नाही, पण निम्मी डोकेदुखी जाईल.

नव्या तारा लावल्यावर त्या हाताने ताणून घ्या, हे सांगायला नकोच.

प्रश्न : त्यापेक्षा फ्लॉइड रोज पद्धतीच्या ट्रेमोलोची गिटारच घेतली तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बारवर अक्षरशः लोंबकळणार असाल तर जरूर घ्या. त्यात तारा नटपाशी आणि ब्रिजपाशी दोन्हीकडे आवळलेल्या असतात, घसरायला जागाच नाही. पण कार्यक्रमात एक तार तुटली की स्प्रिंगा ब्रिज मागे खेचतात, उरलेल्या पाचही तारा चढतात आणि ॲलन की (षटकोनी पाना) शोधेपर्यंत गाणं संपतं. दुसरी गिटार जवळ ठेवणार असाल तरच त्या वाटेला जा.