टाकीचं झाकण उघडताना जोरात फुस्स होतं आणि गाडी मध्येच बंद पडते, पेट्रोल भरल्या भरल्या लवकर सुरूही होत नाही, टाकी प्रेशरने फुटेल का?

टाकी प्रेशरने फुटणार नाही. पण सगळं ज्यावर अवलंबून आहे ते तुम्ही लिहिलंच नाहीत. फुस्स होताना हवा बाहेर येते की आत जाते? पुढच्या वेळी झाकण हळू सैल करा आणि फटीपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरा. पट्टी बाहेर उडाली तर उन्हाने पेट्रोलची वाफ झाली एवढंच, मे महिन्यात थोडं फुस्स कुठल्याही गाडीत होतं. पट्टी आत ओढली गेली तर टाकीत प्रेशर नाहीच, उलट पोकळी आहे. गाडी बंद पडते ती त्यामुळे.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण आमच्याकडे याच आजारावरून एका निरपराध पोराला शिव्या खाव्या लागल्या.

गाडी २००९ची पेट्रोल हॅचबॅक, दादाची. एका वर्षी पावसाळ्यात दोन महिने गुहागरजवळ गावच्या पडवीत उभी होती. गणपती करून आम्ही कराडला निघालो, चिपळूणला टाकी फुल केली. पोफळी सोडून कुंभार्ली घाटाला लागलो आणि गाडीने गचके द्यायला सुरुवात केली, दुसऱ्या वळणावर बंद. पंधरा मिनिटांनी आपोआप सुरू झाली. दादाचं निदान तयारच होतं, पेट्रोलमध्ये भेसळ. तशीच गाडी वळवून तो चिपळूणला पंपावर गेला आणि नोझल धरणाऱ्या पोराला नको नको ते बोलला. पोरगं वीस-एकवीस वर्षांचं असेल. त्याने शांतपणे फिल्टर पेपर आणला (हा पेपर मागायचा आपल्याला हक्क आहे, लक्षात ठेवा), नोझलच्या तोंडाचा थेंब त्यावर टाकला. थेंब उडून गेला, डाग राहिला नाही, म्हणजे भेसळ नाही. दादा म्हणाला, पेपर पण तुमचाच.

पुढे घाटात दोनदा थांबत कराडला पोचलो. गॅरेजवाल्याने फ्युएल पंप बदलला, साडेसात हजार गेले. एक दिवस गाडी नीट चालली, कारण पंप बदलायला टाकी उघडली होती. तिसऱ्या दिवशी साताऱ्याच्या वाटेवर पुन्हा बंद. काटा खोटं दाखवतोय का बघावं म्हणून मी झाकण फिरवलं, तर अशी फुस्स ओढ बसली की झाकण हाताला खेचल्यासारखं झालं. झाकण परत लावलं, चावी फिरवली, गाडी पहिल्या सेल्फला सुरू.

इंजिन जेवढं पेट्रोल ओढतं तेवढी हवा टाकीत यायला हवी. ती कोळशाच्या डब्यातून, चारकोल कॅनिस्टरमधून येते. टाकीतली वाफ उलट त्याच डब्यात जाते, कोळसा ती धरून ठेवतो, आणि गाडी चालताना पर्ज व्हॉल्व्ह (डबा आणि इंजिन यांच्यामधली झडप) उघडला की इंजिन ती ओढून जाळतं. आमच्या डब्याच्या हवेच्या नळीचं तोंड कुंभारीण माशीने चिखलाचं घर करून पार लिंपून टाकलं होतं. मग इंजिनची ओढ थेट टाकीवर. टाकी फुल असली की वर हवेला जागा थोडी, त्यामुळे दोन लिटर संपले तरी मोठी पोकळी पडते आणि फ्युएल पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढायला लागतो. म्हणून ते टाकी भरल्यावरच सुरू झालं, आणि म्हणून दादाला भेसळ वाटली. असं फक्त कोकणात होतं असंही नाही. २०११मध्ये माझदाने उत्तर अमेरिकेत माझदा ६ या मॉडेलच्या ५० हजारांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, कारण कोळी याच नळीत जाळी विणत होते आणि पोकळीने टाकीला तडा जायची भीती होती.

दुसरी चूक दादाची स्वतःची. मूळ झाकणात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, आत पोकळी पडली की तो बाहेरची हवा घेतो. दादाने पेट्रोल चोरीच्या भीतीने बाजारातून कुलूपवालं झाकण आणून बसवलं होतं. मी ते खोलून पाहिलं, आत व्हॉल्व्हच नाही, नुसती रबराची चकती. तुमच्या गाडीला असं झाकण असेल तर आजच काढा.

पेट्रोल भरल्या भरल्या गाडी लवकर सुरू होत नाही, असंही तुम्ही लिहिलंय. ते बहुधा वेगळं, पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो आणि टाकीतली सगळी वाफ इंजिनात घुसते. इंजिन थंड असताना सुरू करा, व्हॉल्व्हची डब्याकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडाला बोट लावा. नुकत्याच सुरू केलेल्या इंजिनला तिथे ओढ नसावी. ओढ असेल तर व्हॉल्व्ह बदला, फ्युएल पंपाला हात लावू देऊ नका. आणि नोझल कट झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणणं सोडा. जास्तीचं पेट्रोल डब्यात जातं आणि कोळसा कामातून जातो. उन्हाळ्यात टाकी फुल केली की स्फोट होतो हा मेसेज मात्र खोटा आहे, इंडियन ऑइलनेच तसा खुलासा केला होता. कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत बिनधास्त भरा.

राहिलंच, हे सगळं उघड्यावर करा, जवळ विडी-काडी नको. गाडी वॉरंटीत असेल तर नळ्या स्वतः काढू नका. गाडीत पेट्रोलचा वास सतत येत असेल तर ही तपासणी बाजूला ठेवा आणि आधी गळती शोधून घ्या.

दादा अजूनही म्हणतो की त्या दिवशी पेट्रोलच खराब होतं. पुढच्या खेपेला चिपळूणला मी एकटा पंपावर उतरलो, त्या पोराला कुंभारणीचं घर दाखवलं, रुमालात बांधून आणलं होतं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “तुमच्या भावाला दाखवलं का?”