दीड वर्षाच्या लेकीचा कान पुन्हा दुखतोय, कोमट तेल घालू का?

तुम्ही लिहिलंय की लेक दीड वर्षाची आहे, दोन महिन्यांत दुसऱ्यांदा कान दुखतोय, सर्दी आहे, रात्रभर रडते, सासूबाई कोमट तेल घाल म्हणतात आणि डॉक्टरांची वेळ उद्या दुपारची मिळालीये. आधी आजच्या रात्रीचं सांगते, बाकीचं ती झोपली की वाचा.

तेल घालू नका. माझ्याही सासूबाई लसूण तडतडवून तेलाची वाटी घेऊन आल्या होत्या, आणि त्यात मायाच होती. पण या वयात सर्दीतून उठणारं कानाचं दुखणं पडद्याच्या आत असतं. वरून घातलेलं तेल तिथवर पोचत नाही. पडदा फुटलेला असेल तर मात्र नको तिथे जातं, आणि उद्या डॉक्टर कानात बघतील तेव्हा त्यांना पडद्याऐवजी तेलच दिसेल. घरात उरलेले कानाचे थेंबही नकोत आणि काडी तर अजिबात नको.

द्यायचं ते पॅरासिटामॉल. ताप नसला तरी द्या, ते दुखण्यासाठीही आहे. वजनाच्या दर किलोला एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 10 किलोच्या बाळाला 100 ते 150. सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आता बाटली उजेडात धरून नीट वाचा. एका बाटलीत 5 मिलीमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं, दुसरीत तेवढ्याच 5 मिलीमध्ये 250, आणि तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत तर 1 मिलीतच 100. नाव तेच, पण मापाचा घोटाळा इथेच होतो. शंका वाटली तर डॉक्टरांना फोन करून माप विचारा, त्यात संकोच नको. सर्दीचं जुनं सिरप मात्र देऊ नका. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, हे बाटलीवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरमध्येच कंपन्यांना सांगितलंय.

आडवं केलं की कान जास्त ठणकतो, म्हणून तिला खांद्यावर उभी धरा. माझा मुलगा वीस महिन्यांचा असताना मी पहाटे चारपर्यंत भिंतीला टेकून तशीच बसले होते, त्याचा दुखरा कान माझ्या गळ्याशी. खाली ठेवलं की किंचाळायचा, उचललं की हुंदके देत गप्प व्हायचा. दूध-पाणी घोटघोट पाजत राहा. खाल्लं नाही तर चालेल.

कानामागे सूज किंवा लाली आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, मान ताठ वाटली, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, किंवा पोर सुस्त पडून उठवलं तरी नीट जागी होईना, तर उद्याची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर पहिल्या दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करू नका. एकाच कानाला असेल, ताप फारसा नसेल, तर ते दोन-तीन दिवस बघू असंही म्हणतील. ती टाळाटाळ नसते, बरेच कान आपोआप बरे होतात. पण 48 ते 72 तासांत उतार पडला नाही तर परत जायचंच.

पुन्हापुन्हा का होतं? नाकामागून कानात जाणारी नळी या वयात आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी झाली की ती सुजून बंद होते आणि आत पाणी साठतं. पाळणाघरात सर्दी एकाची दुसऱ्याला लागते, त्यावर फारसा इलाज नाही. पण झोपवून बाटली तोंडात देणं बंद करता येतं. घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल तर तेही, आणि हे मी अगदी हात जोडून सांगते. न्यूमोकोकलची लस (कान आणि फुफ्फुसं बिघडवणाऱ्या एका जंतूविरुद्धची) झालीये का ते कार्डावर बघा, सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात.

आता मला मुख्यतः जे सांगायचंय ते. त्या रात्रीनंतर सकाळी मुलाच्या उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग होता, मध्ये रक्ताची बारीक रेघ. मी हादरले, आणि तो मात्र हसत होता, ताप उतरलेला. कान फुटला की आतला दाब जातो आणि दुखणं थांबतं. पडद्याचं ते छोटं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपलं आपण भरून येतं, तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. त्याचंही भरलं. आम्ही सुटलो असं समजलो.

दीडेक महिन्यांनी तो ओट्याजवळ भांडी मांडत बसला होता आणि कुकरची शिट्टी झाली. एरवी दचकून माझ्या पायाला मिठी मारणारं पोर, त्याने मान वर केली नाही. मग आठवलं, बाबांनी दाराबाहेरून हाक मारली तरी तो हल्ली वळत नव्हता, चेहरा दिसला की मगच धावायचा. आम्ही त्याला हट्ट समजत होतो! तपासणीत कळलं की दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी तसंच आहे. ना दुखत होतं, ना ताप होता, फक्त ऐकू कमी येत होतं, तेही शब्द शिकायच्या वयात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलं, कारण बहुतेकांचं पाणी तेवढ्यात आपणहून निचरतं. आमचंही निचरलं. नाही निचरलं आणि ऐकण्यावर परिणाम होत राहिला तर पडद्यात बारीक नळी बसवतात.

म्हणून दुखणं थांबलं तरी दोन-तीन महिन्यांनी कान पुन्हा दाखवा. तोवर तिच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात नाव घेऊन बघा, चेहरा न दाखवता. बोलताना समोर, तिच्या उंचीला बसून बोला. आणि सहा महिन्यांत तिसऱ्यांदा कान असाच दुखला तर बालरोगतज्ज्ञांकडूनच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी मागून घ्या.