मनोहारी सिंग यांना जॅझ सॅक्सोफोनिस्ट म्हणता येईल का? सॅक्स शिकताना त्यांना ऐकावं का?

ऐकावं म्हणजे काय, ऐकायलाच पाहिजे. पहिल्या प्रश्नावर मात्र माझं डोकं फिरतं.

मी ऑर्केस्ट्रात अल्टो सॅक्स वाजवायचो. आमच्यात एक सीनिअर होते, कधीकाळी हॉटेलात जॅझ वाजवलेले, आणि ते त्यांनी आम्हाला कधी विसरू दिलं नाही. एकदा रिहर्सलला मी 'है दुनिया उसी की' मधला मनोहारीदांचा सॅक्सचा पीस घोटत बसलो होतो. त्यातली ती घसरण नुसत्या बोटांनी येत नाही हो, खालचा ओठ रीडवर (तोंडात धरायच्या वेताच्या पट्टीवर) किंचित सैल सोडावा लागतो, जास्त सुटला की सूरच पडतो, आणि हे सगळं श्वास न तोडता. जरा कुठे जमतंय तोवर मागून आवाज, "हे पाठांतर आहे, जॅझ नव्हे." सगळे हसले. मी म्हटलं, सर, मग पाठ करून तरी वाजवून दाखवा. सॅक्स त्यांच्या गळ्यातच होता. चहा प्यायला निघून गेले!

अहो, मनोहारी हा माणूस कलकत्त्याचा, बाटानगरच्या बाटाच्या बँडमधून आलेला, तिथल्या फिर्पोज रेस्टॉरंटमध्ये वाजवलेला. १९५८ ला मुंबईत आला, पुढच्याच वर्षी 'सट्टा बाजार'मध्ये त्याचा सॅक्स गाजला, आणि पंचमकडे (आर. डी. बर्मन) तर अरेंजिंगपण केलं, म्हणजे कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार ते बसवणं. तेव्हा अख्खा ऑर्केस्ट्रा एकदम रेकॉर्ड व्हायचा, एकाचा सूर हलला की सगळ्यांना परत पहिल्यापासून. तिथे उभं राहून दाखवा म्हणावं. आणि हॉटेलात जॅझ वाजवणारे तरी कशावर जगत होते? दारूबंदीनंतर क्लबांचे धंदे बसले तेव्हा त्यातल्या कित्येकांची चूल सिनेमाच्या रेकॉर्डिंगवरच पेटत होती, रात्री जॅझ आणि दिवसा स्टुडिओ.

आता हेही खरं की सिनेमातले पीस बरेचसे नोटेशनवरून वाजवलेले, तिथे मोकळं इम्प्रोवायझेशन, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं वाजवणं, करायला जागा किती असणार. ते शिकायचं असेल तर गोव्याचे जॅझ सॅक्सवाले ब्राझ गोन्साल्विस ऐका, पियानोवाल्या लुई बँक्सबरोबर वाजवायचे ते. पण आधी मनोहारीदांसारखा एक सूर लांब धरता येतोय का बघा.

आणि रीड सुरुवातीला दोन नंबरचीच घ्या, नंबर वाढला की रीड कडक होते. आमचे ते सर नवीन पोरांना थेट तीनची घ्यायला लावायचे, ओठाची पार वाट लागते.