योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपवासात पाणी तरी चालतं का?

नाही, पाण्याचा घोटही नाही. आपल्या एकादशीसारखं साबुदाणा-फळं असं काही नसतं. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या 10 तारखेचा हा उपवास आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताआधी सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्यावर सुटतो, म्हणजे साधारण 25 तास. अंघोळ, अत्तर, चामड्याची पादत्राणं हेही वर्ज्य. म्हणून पांढऱ्या स्वच्छ कपड्यांवर पायात कापडी बूट असं दृश्य सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, दिसतं. लहान मुलांना उपवास नसतो. आजारी माणसाच्या जिवाला धोका असेल तर त्याने खाणं हेच धर्माला धरून आहे, हे मुद्दाम सांगते.

पण नुसतं उपाशी राहून भागत नाही. देवाशी झालेल्या चुकांची माफी प्रार्थनेत मागता येते. माणसाला दुखावलं असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन त्याची समजूत काढावी लागते. मला या दिवसातलं हेच सगळ्यात अवघड आणि मोलाचं वाटतं. भूक एका दिवसाची असते, पण भावाच्या दारात जाऊन ‘चुकलं माझं’ म्हणायला वर्षं लागतात.

कोकणातले बेने इस्राएल ज्यू या दिवसाला ‘दरफाळणीचा सण’ म्हणत, म्हणजे दारं बंद करण्याचा. त्या दिवशी घराची दारं लावून घेत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’: दानधर्म आणि गाठीभेटी. योम किप्पूरच्या शेवटच्या नेइला प्रार्थनेला तोराह या धर्मग्रंथाच्या कपाटाची दारं उघडी असतात. थकलेली माणसंही उभी राहतात, आणि मग शोफार, म्हणजे शिंगाचं वाद्य, लांब फुंकलं जातं.