खड्ड्यात आदळल्यापासून गाडी डावीकडे ओढते आणि पुढून टकटक आवाज येतो. काय गेलं असेल?

आधी डाव्या टायरची बाजू हाताने चाचपा, आतल्या अंगालाही. लिंबाएवढा फुगवटा लागला तर आतले धागे तुटलेत. पंक्चरवाला काहीही म्हणो, टायर बदलायचाच. मग जॅक लावून चाक डावी-उजवीकडे हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बघा. वर-खाली हलवताना असेल तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. स्पीडब्रेकरवर हळू जाताना टकटक होत असेल तर बहुधा लिंक रॉड (सस्पेन्शनमधला छोटा जोडदांडा), स्वस्तातलं काम. शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला तर पुढची जोडीच बदला. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, सगळ्यात शेवटी. मी वाकलेल्या लोअर आर्मवरच करून घेतलं होतं. आठवड्यात गाडी परत डावीकडे.