फायबर बॉडीच्या जुन्या गाडीत सीट वर घेताना

प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीत सॅन स्टॉर्म ही दोन सीटची, कापडी टपाची फायबर गाडी आहे, चालवणाऱ्याची उंची पाच फूट तीन इंच, बॉनेटचं टोक दिसत नाही, आंबा घाटात वळणावर मान उंच करावी लागते. सीट दोन इंच वर घ्यायची आहे आणि गॅरेजवाला म्हणतोय, सीट ज्यावर पुढे-मागे सरकते त्या रेलखाली सागाच्या पट्ट्या टाकून देतो.

सागाच्या पट्ट्या नकोत. आणि बहुतेक दोन इंचही नकोत.

गोव्यात बनलेल्या, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या गाडीतला मूळ फोम अजून तसाच असेल, तर हरवलेली अर्धी उंची त्यातच आहे. सीटच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर कडांवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि मधल्या खळग्याची खोली मोजा, एकदा रिकाम्या सीटची, एकदा पंधरा मिनिटं बसून उठल्या उठल्या. दुसरं माप पहिल्यापेक्षा सेंटिमीटरभर जास्त आलं तर फोम मेला. मग सीटखाली हात घाला. रबरी पट्टे असतील तर चिरा पडून लोंबत असतील, नागमोडी स्प्रिंग असतील तर कडेच्या क्लिपा खाऱ्या हवेने खाल्लेल्या असतील. हे आधी दुरुस्त करायचं, मग उरलेली उंची मोजायची. उलट क्रमाने केलंत तर नवा फोम आल्यावर डोकं टपाला लागेल आणि रेलखालचे स्पेसर (उंची वाढवणारे ठोकळे) काढावे लागतील.

कुशनवाल्याला नुसतं 'फोम भर' सांगू नका. खाली २५ मिमी रीबॉन्ड (फोमचे तुकडे दाबून केलेला कडक फोम), वर ५० मिमीचा ४० डेन्सिटी फोम. सगळा मऊ फोम भरला तर तो बसल्यावर निम्मा दबतो, आणि धडकेत कंबर पट्ट्याखालून पुढे सरकते. काथ्याची गादी आपल्याकडे स्वस्त मिळते, पण ती पावसाळ्यात ओल धरते आणि खालचा पत्रा गंजवते. सीटच्या तळाला पाणी निघायची भोकं असतील तर ती नव्या कापडाखाली बुजू देऊ नका.

आता किती उचलायची. गाडी उभी असताना सीटवर १२ मिमीच्या प्लायचा तुकडा ठेवा, त्यावर रद्दीचे गठ्ठे, आणि बसून बघा. पाच-पाच मिलिमीटरने वाढवत जा. टप लावून डोक्यावर आडवी चार बोटं राहिली पाहिजेत. टपाचा आडवा पाइप नेमका डोक्यावर येत असेल तर तिथून मोजा, कापडापासून नव्हे. दुसरी मर्यादा पुढची काच. तिची वरची पट्टी डोळ्यांच्या रेषेत आली की थांबायचं, नाहीतर खालचं बॉनेट दिसेल आणि चढावर समोरचा रस्ता झाकला जाईल. उंचीने लहान माणसाची तिसरी अडचण कुणी सांगत नाही: सीट वर गेली की पॅडल लांब जातात. क्लच पूर्ण दाबून गुडघा किंचित वाकलेला राहतोय का बघा. त्यासाठी सीट पुढे घ्यावी लागली तर छाती आणि स्टिअरिंगच्या मध्यामध्ये २५ सेंमी अंतर उरतंय का, तेही मोजा. मांडी आणि स्टिअरिंगमध्ये तळहात सहज सरकला पाहिजे. एवढं करून बहुतेकांचा आकडा २० ते २५ मिमीवर येतो. पन्नास हवेतच असं वाटत असेल तर सीटच बदलायचा विचार करा.

लाकूड का नको? बोल्ट आवळला की लाकूड दबतं, पावसाळ्यात फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं, आणि बोल्ट सैल. नायलॉनचे ठोकळेही ताणाखाली हळूहळू बसतात. वॉशरची चवड सगळ्यात वाईट: ती एकसंध नसते, आडवा जोर आला की बोल्ट एकटा वाकतो. ॲल्युमिनियम हलकं दिसतं, पण स्टेनलेसच्या बोल्टला चिकटून खाऱ्या हवेत पांढरी पूड होऊन झिजतं.

४० बाय २५ चा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप घ्या, आडवा ठेवून २५ मिमी उंची मिळते. प्रत्येक रेलखाली सलग एक तुकडा, रेलच्या पूर्ण लांबीचा. बोल्ट जातो तिथे पाइपच्या आत जाड नळीची बुश वेल्ड करून घ्या, नाहीतर आवळताना पाइप चेपतो आणि टॉर्क (आवळण्याचा पीळ) खोटा लागतो. हॉट डिप गॅल्व्हनाइझ करून मिळालं तर उत्तम, नाहीतर झिंक प्रायमर, आतून मेण किंवा जुनं गिअर ऑइल. बोल्ट एम८ (८ मिमी जाडीचा), मजबुतीचा ग्रेड ८.८. जुना ३० मिमीचा असेल तर नवा ५५ चा, आणि नटाचे सगळे आटे धरलेले हवेत. टॉर्क २० ते २२ न्यूटन मीटर. बाजारातला साधा स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमजोर असतो आणि आट्यात चिकटून बसतो. ८.८ चा गंजेल, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी बदला, स्वस्तच असतो.

मागची बाजू जास्त, पुढची कमी उचलायची कल्पना चांगली आहे, मांडी मोकळी राहते. पण ३०० मिमी अंतरात १५ मिमीचा फरक म्हणजे जवळपास तीन अंश. तेवढ्याने बोल्टचं डोकं एका कडेवर बसतं. असं करायचं असेल तर उताराचा बेस बनवून खालचे आणि वरचे बोल्ट वेगळे ठेवा.

खरा प्रश्न गाडीच्या जमिनीचा. सीट कशात बसवली आहे? खाली वाकून प्रत्येक बोल्टच्या भोवती लोहचुंबक लावा. चुंबक चिकटला तर खाली चासीचा पाइप किंवा पत्रा आहे, काम सोपं. नाही चिकटला तर बोल्ट फायबरमध्ये आहे. तिथे एक रुपयाच्या नाण्याने टकटक करत फिरा. खणखणीत आवाज ठीक, भद्द आवाज आला की फायबरचे थर सुटलेत. बोल्टभोवती चांदणीसारख्या बारीक चिरा दिसल्या तरी तेच.

फायबर ताण सहन करतं, चेपणं नाही. म्हणून भोक १२ मिमीचं, त्यात स्टीलची बुश, लांबी फायबरच्या जाडीपेक्षा ०.२ मिमी कमी. भोकाची कापलेली कड इपॉक्सीने बंद करा, उघडे काचेचे धागे वातीसारखे पाणी ओढतात. खाली प्रत्येक बोल्टला ७५ बाय ७५ बाय ३ मिमीची प्लेट, कोपरे गोल केलेले. त्याहून चांगलं म्हणजे पुढच्या-मागच्या बोल्टना जोडणारी ४० बाय ५ ची एकच सलग पट्टी. प्लेटखाली पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. सिलिकॉन नको, त्याचा ओशटपणा राहतो आणि पुढे कधी तिथे रेझिन लावायची वेळ आली तर पकडत नाही.

थर सुटले असतील तर आधी ते काम. आपल्याकडे त्यासाठी लांब जायला नको. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, जिथे बोटींना फायबर मारतात तिथले कारागीर हे रोज करतात. त्यांना सांगायचं ते असं: सुटलेला भाग पूर्ण घासून काढ, कड जाडीच्या बारा पट रुंद उतरती कर (४ मिमी जाडीला साधारण ५० मिमी), ८० नंबरच्या पॉलिशपेपरने घास, ॲसिटोनने पूस, मग थर. ४५० ग्रॅम मॅटचा (काचेच्या धाग्यांच्या चटईचा) एक थर सुमारे एक मिलिमीटर होतो. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतायचे नाहीत, भडका उडतो. बोटवाल्याला हे माहीत असतं, घरी करणाऱ्याला नसतं. जुन्या घट्ट फायबरला पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी जास्त धरतं, पण एकदा इपॉक्सी लावलं की त्यावर पॉलिएस्टर नीट बसत नाही, म्हणून सुरुवातीलाच ठरवा. आणि हे काम पावसाळ्यात काढू नका. ओली मॅट दुधाळ दिसते आणि थर कच्चा राहतो. दिवाळीनंतर करा.

सीटबेल्टकडे वळू. बकल जमिनीला किंवा दोन सीटमधल्या उंचवट्याला (बोगद्याला) जोडलेलं असेल तर माणसाचा भार बेल्ट थेट बॉडीला देतो, सीटच्या बोल्टवर फक्त सीटचं वजन येतं. १२ किलोची सीट, धडकेत वीस जी (गुरुत्वाकर्षणाच्या वीसपट) मंदावल्यास सुमारे २४० किलो. बकल सीटलाच असेल तर ७० किलोच्या माणसाचे सुमारे १४०० किलो होतात, त्यांचा मोठा वाटा तुमच्या स्पेसरवर येतो, आणि स्पेसर जितका उंच तितका बोल्ट वाकवणारा जोर जास्त. तसं असेल तर फायबरच्या जमिनीवर स्पेसर टाकू नका, उंची फोममधूनच घ्या. बेल्टचे मूळ बोल्ट दुसऱ्या कुठल्या बोल्टने बदलू नका. सीट वर गेल्यावर खांद्याचा पट्टा मागे जाताना खाली उतरत असेल तर तो धडकेत मणका खाली दाबतो. वरचा हूक खांद्याच्या पातळीला किंवा त्याहून वर हवा. कमरेचा पट्टा हाडावर, पोटावर नव्हे.

सीट बाहेर आलीच आहे तर रेल पण बघा. आपल्या लाल मातीची धूळ ग्रीसमध्ये मिसळून घासपेपरसारखी होते, त्यामुळे दात झिजतात आणि लॉक अर्धवट बसतं. रॉकेलने धुवा, ग्रीस अगदी पातळ लावा. बसवल्यावर सीट जोराने पुढे-मागे ढकलून दोन्ही बाजूंचे लॉक एकाच वेळी बसतायत का बघा. नव्या पाइपला लिव्हरची सळई घासत असेल तर एकाच बाजूचं लॉक लागतं आणि उतारावर ब्रेक मारताना ते कळतं.

बोल्टच्या डोक्यावरून पाइपवर रंगाची रेघ ओढा. दोनशे किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली तर पुन्हा टॉर्क द्या. दुसऱ्यांदाही सरकली तर बोल्टला दोष देऊ नका, बुश लांबीला चुकली आहे किंवा खालचं फायबर दबतंय. डावी सीट मात्र आहे तशी राहू द्या, शेजारी बसणारा उंच निघाला तर टपाचा पाइप त्याच्या डोक्याला लागेल.